जावक बारनिशीचा कारकून

सोमवारी सकाळी साडेनऊला कंपनीच्या खरेदी विभागातला माणूस संगणक सुरू करतो, तेव्हा त्याच्या आधी पंधरा-वीस मंडळी येऊन बसलेली असतात. त्यांतल्या एकाला बेअरिंग विकायची असतात, दुसऱ्याला आग विझवायची नळकांडी, तिसऱ्याला 'नेतृत्वगुण विकास' या विषयावरची लोणावळ्याची दोन दिवसांची निवासी कार्यशाळा, जेवणासकट. चौथा गेल्या बुधवारी येऊन गेला होता, शुक्रवारी येऊन गेला होता आणि आज पुन्हा येऊन 'माझी आधीची मेल आपल्या नजरेतून सुटली असावी' असं मोठ्या मनाने सुचवतो आहे. ती सुटलेली नसते, सोडलेली असते. पाचव्याला आपली फक्त पंधरा मिनिटं हवी असतात, आपला वेळ कसा वाचेल हे समजावून द्यायला. या सगळ्यांना हाकलून खऱ्या कामाच्या मेलपर्यंत पोहोचेतो दहा वाजतात, चहा गार होतो आणि 'आयटीवाले करतात काय?' हा कंपनीतला सर्वमान्य प्रश्न विचारला जातो. मग आयटीवाले फिल्टर बदलतात. नवा फिल्टर महिनाभर नव्या वॉचमनसारखा कडक वागतो, येईल त्याला नाव-गाव विचारतो, एमडींचीही मेल अडवतो. दुसऱ्या महिन्यापासून त्यालाही सगळी माणसं ओळखीची वाटायला लागतात.

माझं म्हणणं असं आहे, की हा वॉचमन चुकीच्या फाटकावर उभा आहे. कंपनीला नको असलेल्या जाहिरातींचा बंदोबस्त करायचा असेल, तर आत काय येतं यापेक्षा बाहेर काय जातं याच्यावर नजर ठेवायला हवी. जुन्या कचेऱ्यांत ही नजर होती आणि तिला पगारही होता. टेबलावर दोन जाडजूड बारनिश्या असत, एक आवकेची आणि एक जावकेची, आणि दोन्हींवर एकच कारकून. आवकेकडे तो फारसं बघत नसे, शिक्का मारून नोंद करून टाकी. त्याचा खरा जीव जावकेत, कारण पोस्टाच्या तिकिटांचा हिशेब त्याच्याकडे. पाचशे परिपत्रकं पाठवायची म्हणजे पाचशे पाकिटं, पाचशे पत्ते, पाचशे तिकिटं आणि डिंकाची एक बाटली. ते बाड घेऊन विक्री खात्याचा उत्साही तरुण आला, की कारकून चष्म्यावरून बघून विचारी, 'सही कुणाची?' या एका प्रश्नात निम्मी परिपत्रकं परत जात. उरलेल्यांतली काही 'साहेब, बुक पोस्टाने टाकू का?' या वाटाघाटीत गळत. त्या काळी लोकांना नको असलेली पत्रं कमी येत, याचं श्रेय माणसांच्या सभ्यतेला देण्याचं कारण नाही. ते त्या कारकुनाच्या खडूसपणाला आणि पाकिटावरच्या तिकिटाला आहे.

ईमेल आली आणि तिकीट गेलं. तिकिटापाठोपाठ कारकून गेला. आता पाठवणाऱ्याला पाच पत्रं आणि पाच लाख पत्रं यांत खर्चाचा म्हणावा असा फरक उरला नाही. खर्च नाहीसा झाला असं मात्र नाही, तो घेणाऱ्याच्या खात्यावर गेला. पाचशे माणसांच्या कंपनीत दर माणशी रोज वीस फालतू मेल धरल्या आणि एक ओळखून उडवायला पाच सेकंद धरले, तर रोजचे जवळपास चौदा तास होतात. म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने पावणेदोन माणसं दिवसभर नुसती 'डिलीट' दाबत बसलेली आहेत. 'एक मेल उडवायला असा किती वेळ लागतो?' असं विचारणाऱ्यांनी ही पावणेदोन पदं एचआरकडे मंजुरीला पाठवून बघावीत.

हा सगळा प्रकार सुरू झाला तोही कंपनीतूनच, कुठल्या गल्लीतल्या भामट्यापासून नव्हे. मे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या नामांकित संगणक कंपनीच्या विक्री विभागातल्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सुमारे चारशे जणांना एकच निरोप पाठवला. आमचा नवा संगणक बघायला या, लॉस एंजेलिसला या नाहीतर सॅन मटेओला या. पत्ते छापील डिरेक्टरीतून बघून हाताने टाइप केलेले होते आणि ते इतके झाले, की पत्त्यांच्या रकान्यात मावेनात; उरलेले मजकुरात सांडले. ज्यांना निरोप मिळाला त्यांना मजकुराआधी पानभर दुसऱ्यांचे पत्ते वाचावे लागले. गंमत अशी, की हे जाळं अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेलं, सरकारी कामापुरतंच वापरायचं. जाळ्याचा कारभार बघणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने हा नियमांचा उघड भंग असल्याचं कळवलं, कंपनीला समज दिली गेली. थुर्क यांनी मात्र पुढे मुलाखतींत सांगितलं, की त्या एका निरोपातून एक कोटी डॉलरहून अधिक किमतीची यंत्रं खपली. आकडा विक्रेत्याने सांगितलेला आहे, तेव्हा तो तितपतच धरावा. पण लोकांच्या शिव्या एकीकडे आणि विक्रीचा आकडा दुसरीकडे, अशी जी वाटणी त्या दिवशी झाली ती अजून तशीच आहे, आणि कंपनीच्या बैठकीत यांपैकी फक्त आकडा मांडला जातो.

आता कुणी म्हणेल, तो काळ वेगळा होता, आता यंत्रं हुशार झाली आहेत. झाली आहेत, यात शंका नाही. २००२ साली पॉल ग्रॅहम यांनी एक लेख लिहून दाखवून दिलं, की शब्दांच्या संभाव्यतेवरून फालतू मेल चांगल्यापैकी ओळखता येते, आणि त्यानंतर फिल्टरांना खरोखर अक्कल आली. २००४ च्या जानेवारीत दावोसला बिल गेट्स यांनी दोन वर्षांत हा प्रश्न मिटेल असं भाकीत केलं. ती दोन वर्षं अजून चालू आहेत. याचं कारण फिल्टरच्या बुद्धीत नाही, व्यवहारात आहे. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी २००८ मध्ये स्पॅम पाठवणाऱ्या एका जाळ्यातच शिरकाव करून मोजदाद केली. सुमारे पस्तीस कोटी मेल गेल्या आणि त्यातून खरेदीला तयार झाले अठ्ठावीस जण, बहुतेक पौरुष वाढवणाऱ्या औषधांसाठी. म्हणजे सव्वा कोटी मेलमागे एक गिऱ्हाईक. कुठल्याही भाजीवाल्याने या हिशेबावर गाडी लावली नसती. पण पाठवायचा खर्चच नगण्य असेल, तर सव्वा कोटीत एक हाही धंदा होतो. फिल्टरने शंभरातल्या नव्याण्णव अडवल्या, तर पाठवणारा शंभरपट पाठवतो.

शिवाय फिल्टरला न कळणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे 'अनाहूत' हा शब्द. मेल खरंच त्या कंपनीकडूनच आली की दुसऱ्याच कुणी तिचं नाव लावलं, हे तपासायला एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा व्यवस्था आहेत, आणि त्या उत्तम काम करतात. पण दारात आलेल्या विमा एजंटाने आधार कार्ड दाखवलं, म्हणून तो पाहुणा होत नाही. तो विमा एजंटच राहतो, फक्त खरा. आणि नको असलेलं काय, हे मजकुरावरून ठरत नाही. याचा पुरावा दरवर्षी एप्रिलमध्ये मुंबई-पुण्याच्या कुठल्याही ऑफिसात मिळतो. अकाउंट्समधला कुणीतरी एकजण सगळ्यांना मेल टाकतो: 'देवगडहून घरचा हापूस येतो आहे, पाच डझनाची पेटी, शुक्रवारी पार्किंगमध्ये मिळेल, नावं कळवा.' व्याख्येनुसार ही शंभर टक्के जाहिरात आहे, कुणी मागितलेली नाही, कंपनीच्या यंत्रणेवरून गेलेली आहे आणि पाठवणाऱ्याचा त्यात पेटीमागे नफा आहे. तिच्यावर तक्रार येते ती एकच: माझं नाव यादीत का नाही? त्याच आठवड्यात एचआरकडून आलेली 'खास आपल्या कर्मचाऱ्यांसाठी' बँकेची पूर्वमंजूर कर्जयोजना मात्र माणसं न उघडता उडवतात. पाठवणारा आतलाच, शिक्का कंपनीचाच, तरी एक हवीशी आणि एक नकोशी. हे कुठला फिल्टर ओळखणार?

एचआरच्या मेलबद्दल इथे जरा थांबायला हवं, कारण कंपनीतली सर्वांत पक्की जाहिरात-मेल हीच. बाहेरच्या विक्रेत्याला निदान नाव बदलून, हात जोडून यावं लागतं. बँक, विमा कंपनी, चष्म्याचं दुकान, वाकड किंवा डोंबिवलीचा गृहप्रकल्प यांना मात्र कॅन्टीनबाहेर एक टेबल आणि 'ऑल एम्प्लॉइज' या यादीवर एक मेल सन्मानाने मिळते. विषयाच्या ओळीत 'कर्मचारी कल्याण' लिहिलेलं असतं. या मेलच्या तळाशी 'यादीतून नाव काढा' ही ओळ नसते, कारण यादीतून नाव काढायचा मार्ग एकच आणि त्याला तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो. याला कुणी स्पॅम म्हटलं, तर एचआरला मनापासून वाईट वाटतं, आणि ते खोटं नसतं. आपण पाठवतो ती माहिती आणि दुसरा पाठवतो ती जाहिरात, अशीच प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते. फाटक चुकलं म्हणतो ते यासाठी.

सर्वांना जाणाऱ्या यादीला राखणदार नसला की काय होतं, याचे दोन दाखले जगजाहीर आहेत. ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये 'बेडलम डीएल३' नावाच्या यादीवर, जिच्यात सुमारे तेरा हजार कर्मचारी होते, एकाने विचारलं की मी या यादीत का आहे, मला काढा. त्याने ते सर्वांना विचारलं. मग इतरांनी 'मलाही' असं कळवलं, तेही सर्वांना. त्यानंतर समंजस लोक पुढे आले आणि त्यांनी 'कृपया सर्वांना उत्तर देऊ नका' असं सर्वांना उत्तर दिलं. तासाभरात दीड कोटीच्या आसपास मेल फिरल्या आणि जगाला मेलचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीची मेल झोपली. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेत एका चाचणी मेलने साडेआठ लाखांच्या आसपास खात्यांवर हाच खेळ केला; सव्वा तासात पन्नास कोटी मेल झाल्या. या दोन्ही जाहिराती नव्हत्या, हे मान्य. पण दोन्हीकडे बाहेरून कुणी शत्रू आला नव्हता. सहीशिवाय जावक चालू होती, एवढंच. पुढे २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या मेलव्यवस्थेत अशी वादळं अडवायची सोय घातली. चष्म्यावरून बघणारा कारकूनच तो, फक्त आता तो यंत्राचा.

'कायदा काय करतो?' ही पुढची शंका. अमेरिकेत डिसेंबर २००३ मध्ये 'कॅन-स्पॅम' कायदा झाला. स्पॅम हे मूळचं १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचं नाव, तेव्हा कायद्याचा अर्थ 'स्पॅम डब्यात घाला' असा अभिप्रेत असावा. इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ 'स्पॅम पाठवू शकता' असाही होतो, आणि कायदा वाचल्यावर हा दुसरा अर्थ जास्त जवळचा वाटतो, कारण आधी परवानगी घ्या असं तो म्हणत नाही. नको म्हटल्यावर दहा कामाच्या दिवसांत थांबा, इतकंच म्हणतो. आपल्याकडे १९०९ वर नोंद केली की जाहिरातीचे फोन आणि एसएमएस यांच्याविरुद्ध दाद मागता येते, ईमेल त्या व्यवस्थेत येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात 'त्रास देण्यासाठी पाठवलेली ईमेल' हा गुन्हा होता खरा, पण त्या कलमाने नाव कमावलं ते २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी झालेल्या अटकेने. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं, आणि ते योग्यच झालं. डोकं उठवणाऱ्या मेलसाठी माणूस तुरुंगात घालावा असं कितीही वाटलं, तरी ते सोमवारी सकाळी दहापर्यंतच वाटावं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीची भाषा आणली आहे, ती कामाची आहे. पण लकी ड्रॉच्या काचेच्या भांड्यात आपण होऊन टाकलेलं व्हिजिटिंग कार्ड, त्याला कायदा काय करणार?

ते भांडं हा जावकेचाच भाग आहे. गोरेगावच्या प्रदर्शनात स्टॉलवर एक गोल काचेचं भांडं असतं, त्याच्यावर टॅबलेटचं चित्र. कंपनीचा दीड लाख पगाराचा अधिकारी तिथे कार्ड टाकतो. टॅबलेट त्याला लागत नाही, बाकी सगळे त्याला लागतात. मॉलमधल्या बिलासाठी, हॉटेलच्या वायफायसाठी, फुकटच्या अहवालासाठी तो कंपनीचाच पत्ता देतो, कारण घरच्या पत्त्यावर फालतू मेल येतात. दिवाळीला एखादा पुरवठादार 'सहकुटुंब सहपरिवार' शुभेच्छा सहाशे जणांना पाठवतो, पत्ते बीसीसीत न टाकता उघडे ठेवून. म्हणजे शुभेच्छांबरोबर सहाशे पत्त्यांची मिठाई प्रत्येकाला. त्या सहाशेंतला एकजण तरी त्या मिठाईचं दुकान टाकतोच.

सर्वांत वजनदार आक्षेप विक्री खात्याचा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. ते म्हणतात, आम्ही मेल पाठवल्या नाहीत तर ऑर्डर कुठून येणार, आणि ऑर्डर आल्या नाहीत तर फिल्टरचे पैसे कोण भरणार? खरं आहे. ज्या कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर स्पॅम अडवायला पैसे जातात, तिच्याच तिसऱ्या मजल्यावर 'दहा हजार निर्णयकर्त्यांचा डेटाबेस' विकत घ्यायलाही पैसे जातात, आणि त्या दहा हजारांत स्वतःच्याच दुसऱ्या मजल्याचा पत्ता निघाला तर नवल नाही. पण माझा मुद्दा मेल पाठवू नका असा नाही, सही कुणाची असा आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी ठरवलं आहे, की त्यांच्या खात्यांवर घाऊक मेल (गुगलच्या हिशेबाने रोज पाच हजार किंवा अधिक) पाठवणाऱ्याने ओळख पटवावी, जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढायची सोय द्यावी आणि स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं. हजारात तीन माणसं वैतागली, की कंपनीच्या नावाला बट्टा. आणि बट्टा विक्री खात्यापुरता राहत नाही. एकाच नावाने सगळं जात असेल, तर उद्या अकाउंट्सने पाठवलेलं बिलही त्याच बट्ट्यासकट जातं आणि गिऱ्हाइकाच्या जंकमध्ये पडतं. गिऱ्हाइकाला पैसे न देण्यासाठी इतकं सुरेख कारण दुसरं कुठे मिळणार? ईमेलबरोबर तिकीट गेलं होतं, ते असं दुसऱ्या दाराने परत आलं आहे.

तेव्हा कारकून परत नेमावा. त्याला टेबल नको, बारनिशी नको, तीनचार अधिकार पुरे. 'ऑल एम्प्लॉइज'वर मेल टाकायची मुभा कंपनीत दोघांनाच असावी, आणि त्या दोघांत एचआर एकटी नसावी. विक्रीची पत्रकं कंपनीच्या मुख्य नावाने न जाता वेगळ्या उपनावाने जावीत, म्हणजे बुडाली तर ती एकटी बुडतील. प्रदर्शनातल्या काचेच्या भांड्यासाठी एक स्वतंत्र सामायिक पत्ता असावा. त्यावर येणारं आठवड्यातून एकदा कुणीतरी चाळावं आणि टॅबलेट लागला असेल तर कळवावं. बँका, चष्मे, गृहप्रकल्प आणि हापूस या सगळ्यांना एकच जागा द्यावी, जिथे ज्याला हवं तो आपण होऊन जाईल. अशी जागा बहुतेक कंपन्यांत आधीच आहे. लिफ्टशेजारी काचेच्या दाराचा सूचनाफलक असतो, त्यात एक जुनी आगीच्या कवायतीची सूचना चार टाचण्यांवर पिवळी पडलेली असते. हापूसची सुरुवात तिथूनच करावी. हे धोरण ठरल्याचं परिपत्रकही मेलने न पाठवता तिथेच लावावं. फलकाची किल्ली ॲडमिनमध्ये कुणाकडे तरी असेल. ती कुणाकडे आहे, हे विचारायला मात्र कृपया सर्वांना मेल टाकू नका.